ऑफर लेटर आलंय, पण व्हिसाची दोरी कुणाच्या हातात?

पत्र असं आलंय (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय):

'ताई, मी ३४ वर्षांची, ११ वर्षं टीव्ही न्यूजमध्ये. आधी फील्डवर रिपोर्टर, गेली ४ वर्षं अँकर. परदेशातल्या एका इंग्लिश इंटरनॅशनल चॅनलची ऑफर आलीय, २ वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, स्टुडिओ आणि फील्ड दोन्ही. चॅनल तिथल्या सरकारच्या पैशावर चालतं. पगार आत्तापेक्षा खूपच जास्त. नवरा म्हणतो तू पुढे हो, मी मुलीला घेऊन वर्षभराने येतो, मुलगी ६ वर्षांची आहे. आमचे एडिटर म्हणतात तिकडे गेलीस की इथले लोक सहा महिन्यांत विसरतील. माझं इंग्लिश बरं आहे पण ॲक्सेंट आपलाच. इथे चार लोक ओळखतात, तिकडे मी कोण? आणि सरकारी चॅनलमध्ये पत्रकारिता उरते का? आईचंही वय झालंय. १५ दिवसांत कळवायचंय. जाऊ का?'

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. ॲक्सेंटचं विचारलंस, ओळखीचं विचारलंस, सरकारी पैशाचं विचारलंस, सगळे प्रश्न बरोबरच आहेत, पण एक राहिला की गं. ही नोकरी गेली तर त्या देशात तुला किती दिवस राहता येईल? तू काही चूक केलीस म्हणून नाही, अशीच गेली तर? मीपण नव्हतं विचारलं. १४ वर्षं मी बाहेर काढली, तीन देश, दोन चॅनल, आणि हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो बाराव्या वर्षी, एचआरच्या केबिनमध्ये, समोर पाण्याचा ग्लास आणि टिश्यूचा डबा ठेवलेला असताना. टिश्यूचा डबा बघूनच कळलं खरं तर.

दुपारच्या बुलेटिनचा रनडाउन (कुठली बातमी कधी, याची यादी) बघत बसले होते, वर बोलावलं, 'रिस्ट्रक्चरिंग' हा शब्द तीनदा वापरला, एक पाकीट हातात दिलं, आणि खाली आले तर न्यूजरूमच्या दाराला माझं कार्ड लागेना. लाल दिवा. काचेतून माझी खुर्ची दिसत होती, खुर्चीवर शाल (स्टुडिओचा एसी इतका गार असतो की प्रत्येक अँकरची एक शाल कायम खुर्चीवर असते), ती पण शेवटी एका प्रोड्युसरने बाहेर आणून दिली. ऑफिसचा फोन तिथल्या तिथे जमा. त्यात माझे ९ वर्षांचे नंबर होते, मंत्र्यांचे पीए, हॉस्पिटलमधले डॉक्टर, बॉर्डरवरचा एक ड्रायव्हर ज्याने मला दोनदा वेळेत बाहेर काढलं होतं, सगळे गेले. घर कंपनीचं, मेडिकल कार्ड कंपनीचं, आणि शेवटचा हिशेब बँकेत पोचल्याबरोबर बँकेने खातं गोठवलं कारण गाडीचं लोन बाकी होतं. नोकरी, घर, डॉक्टर, पैसे आणि त्या देशात राहायचा हक्क, सगळं मी एकाच खुंटीला टांगलं होतं आणि खुंटीच उपटली गेली.

हे तुला घाबरवायला नाही सांगत. मी आजही म्हणेन की गेले ते बरंच केलं. पण मोठं चॅनल आहे म्हणजे नोकरी पक्की, हे डोक्यातून काढ. अल जझीरा अमेरिका बघ, कतारच्या पैशावरच्या अल जझीराचं अमेरिकेतलं चॅनल, ऑगस्ट २०१३ मध्ये गाजावाजा करून सुरू झालं, मोठमोठी नावं घेतली, एप्रिल २०१६ मध्ये बंद. आरटी अमेरिका, रशियन सरकारच्या आरटीचं तिथलं चॅनल, रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर मार्च २०२२ मध्ये काही दिवसांत गुंडाळलं. आणि व्हॉइस ऑफ अमेरिका, अमेरिकन सरकारच्या पैशावरचं, १९४२ पासूनचं, ते बंद पडेल असं कुणी म्हणालं असतं तर आम्ही हसलो असतो. मार्च २०२५ मध्ये एका शनिवारी तिथल्या जवळजवळ सगळ्या स्टाफला, सुमारे १,३०० लोकांना, रजेवर जायला सांगितलं. त्यातले अमेरिकन नागरिक होते ते कोर्टात गेले, युनियनकडे गेले, घरी बसून लढले तरी. पण त्यात व्हिसावर आलेले परदेशी पत्रकारही होते, काही जण अशा देशांतले जिथे परत जाणं म्हणजे थेट तुरुंग, कारण तिथल्या सरकारबद्दल ते वर्षानुवर्षं अमेरिकेतून बोलत आले होते. बातमी एकच, नोटीस एकच, पण एकाला नोकरी शोधायची आणि दुसऱ्याला देश.

तर तू ज्या देशात चाललीयस तिथला नियम आधी शोध. एचआरच्या बाईंना विचारू नकोस, सरकारच्या इमिग्रेशन खात्याच्या कागदावर वाच. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर असशील आणि कंपनीने स्पॉन्सरशिप काढली तर साधारण ६० दिवस देतात, अमेरिकेत एच-१बी वाल्यांना पण जास्तीत जास्त ६० दिवस. अमेरिकेतला पत्रकारांचा 'आय' व्हिसा तर आणखी अरुंद, तो परदेशी माध्यमासाठी काम करणाऱ्यांचा, त्यावर तिथल्या लोकल चॅनलला उडी मारता येत नाही. आखातात पूर्वी जुन्या मालकाची एनओसी असल्याशिवाय दुसरीकडे जॉइनच होता यायचं नाही, कतारने ती अट २०२० मध्ये काढली, पण नियम निघाला तरी लोकांच्या डोक्यातून निघायला वेळ लागतो हे मी बघितलंय. आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये पगाराचा आकडा बघून हुरळू नकोस, त्यातला बेसिक किती आणि अलाउन्स किती ते बघ, कारण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी तिकडे बेसिकवर मोजतात (यूएईत पहिली ५ वर्षं वर्षाला २१ दिवसांचा बेसिक). मला वाटलं होतं इतक्या वर्षांचे भरपूर येतील. आले, पण बेसिक ४० टक्केच होता हे तेव्हा कळलं. असो.

नोटीस पिरियड दोघांना सारखा आहे का ते बघ. प्रोबेशनमध्ये कोण कुणाला किती दिवसांत काढू शकतं ते बघ. परतीचं तिकीट आणि सामानाचा खर्च त्यांनी काढून टाकलं तरी देणार की फक्त कॉन्ट्रॅक्ट पूर्ण झालं तरच, हे बघ, इथे बहुतेक जण फसतात. नॉन-कॉम्पीट (नोकरी सोडल्यावर दुसऱ्या चॅनलला जायची बंदी) असेल तर किती महिने, कुठल्या देशापुरता. सोशल मीडियावर काय लिहायचं याची पॉलिसी वेगळ्या पीडीएफमध्ये असते आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये एक ओळ असते की ती पॉलिसी तुम्हाला मान्य आहे, ती पीडीएफ मागून घे, कारण तुझ्या जुन्या पोस्ट उकरल्या जाणार, ते धरूनच चाल. आणि फील्डवर पाठवणार म्हणतायत ना, मग विमा कुणाचा, युद्ध आणि दंगल त्यात येतं का, जायच्या आधी होस्टाइल एन्व्हायर्नमेंटचं ट्रेनिंग देणार का. हे ट्रेनिंग म्हणजे चार-पाच दिवस तुम्हाला चिखलात लोळवतात, खोटं अपहरण करतात, रक्त थांबवायला शिकवतात. मला वाटलं होतं नाटक आहे. दीड वर्षाने आमच्या कॅमेरामनच्या मांडीला काच लागली तेव्हा पट्टा कुठे आणि किती घट्ट आवळायचा हे हातांना आपोआप आठवलं.

आता पासपोर्ट. हे कुणी सांगत नाही म्हणून जरा थांबून सांगते.

२९ डिसेंबर २०१३ ला कैरोत अल जझीरा इंग्लिशच्या तिघांना पकडलं. पीटर ग्रेस्टा ऑस्ट्रेलियन, मोहम्मद फहमी इजिप्त आणि कॅनडा दोन्हीकडचा नागरिक, बाहेर मोहम्मद फक्त इजिप्तचा. आरोप तोच, खटला तोच. ग्रेस्टाला ४०० दिवसांनी, १ फेब्रुवारी २०१५ ला, विमानात बसवून बाहेर काढलं. फहमीला सांगितलं गेलं की इजिप्तचं नागरिकत्व सोड म्हणजे तुलाही तसंच पाठवता येईल, त्याने ते सोडलं, तरी सुटका नाही, पुन्हा खटला, पुन्हा शिक्षा. बाहेर मोहम्मदकडे सोडायलाही काही नव्हतं. दोघांना शेवटी सप्टेंबर २०१५ मध्ये माफी मिळाली. फहमीने त्याआधीच, मे २०१५ मध्ये, चॅनलवरच दावा लावला होता, तिथे बातम्या करायच्या सरकारी परवान्याबद्दल आम्हाला नीट सांगितलं नाही ही त्याची तक्रार होती. माझ्या वेळी आमच्या न्यूजरूममध्ये या तीन नावांवर खूप चर्चा व्हायच्या आणि गोरे सहकारी म्हणायचे की पत्रकारितेवर हल्ला आहे, आम्ही बाकीचे हळूच एकमेकांकडे बघायचो, कारण आमच्या डोक्यात पहिला विचार हाच यायचा की आपण यातले कितवे.

म्हणून फील्डवर जायची वेळ आली की बिनधास्त विचार: आपला परवाना आहे का, तो कुठल्या नावाने आहे, काही झालं तर माझ्या पासपोर्टसाठी कोण फोन उचलणार? भित्री म्हणतील. म्हणू देत. चांगला एडिटर असेल तर त्याच्याकडे उत्तर तयार असतं.

सरकारी पैशाचं. सरकारी पैसा म्हणजे लगेच पाप, असं मी नाही मानत. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस २०१४ पर्यंत ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या अनुदानावर चालायची आणि जगभरातली माणसं स्वतःच्या देशातल्या रेडिओपेक्षा तिच्यावर जास्त विश्वास ठेवायची. पैसा कुणाचा यापेक्षा पैसेवाल्याचा हात रनडाउनपर्यंत पोचतो का, हे बघायचं. ते ऑफर लेटरवर दिसत नाही, स्क्रीनवर दिसतं. तुझ्याकडे १५ दिवस आहेत ना, रोज दोन तास ते चॅनल लाव, वही घेऊन बस. स्वतःच्या राजधानीतली बातमी आली की काय करतात ते बघ. परदेशातल्या संपावर २ मिनिटांचं पॅकेज (रिपोर्टरने तयार केलेली पूर्ण बातमी) आणि स्वतःकडच्या मजुरांवर अँकर वाचून दाखवतो त्या २० सेकंदांच्या दोन ओळी, असं आहे का? ज्या शेजाऱ्याशी यांचं बिनसलंय त्याच्या बातम्या अचानक वाढल्यात का? पाहुणे फिरून फिरून तेच का? मी स्वतः ज्या चॅनलमध्ये होते तिथे कुणी कधी फोन करून 'हे करू नका' म्हणालं नाही. फक्त काही विषय सकाळच्या मीटिंगला कुणी मांडायचंच नाही. मला हे कळायला वर्ष लागलं आणि कळल्यावर मीसुद्धा मांडले नाहीत, हे पण कबूल करते.

आणि भांडण दोन सरकारांचं असतं तेव्हा चॅनल म्हणजे पटावरची सोंगटी. जून २०१७ मध्ये सौदी, यूएई, बहरीन आणि इजिप्तने कतारची नाकेबंदी केली तेव्हा त्यांच्या १३ मागण्यांपैकी एक होती अल जझीरा बंद करा. म्हणजे तू तिथे बसून हवामान वाचत असलीस तरी कुणाच्या तरी यादीत तू एक मागणी आहेस. चेंग लेई आठवते का? जन्म चीनचा, लहानपणी ऑस्ट्रेलियात गेली, नागरिक तिथली झाली, मग बीजिंगला परत येऊन सरकारी सीजीटीएनवर बिझनेसच्या बातम्यांची अँकर. चॅनलचा ओळखीचा चेहरा होती. ऑगस्ट २०२० मध्ये तिला उचललं, ऑक्टोबर २०२३ मध्ये सोडलं, ३ वर्षांहून जास्त. तिने नंतर सांगितलं की एम्बार्गो (ठरलेल्या वेळेआधी बाहेर सांगायचं नाही अशी अट) असलेला एक सरकारी कागद तिने वेळेच्या ७ मिनिटं आधी पुढे पाठवला होता. ७ मिनिटं गं! एम्बार्गो आपल्या धंद्यात रोज कुणी ना कुणी मोडतं आणि पीआरवाल्याचा एक रागावलेला मेसेज येतो, विषय संपतो. तेव्हा तू जातेयस त्या देशात पत्रकाराची कुठली चूक गुन्ह्यात मोजली जाते हे तिथे आधी काम केलेल्या आपल्याकडच्या कुणाला तरी गाठून विचार, फोनवर विचार, ईमेलवर नको.

आता तू म्हणशील ताई, हे सगळं वाचून कोण जाईल. तर ॲक्सेंटकडे येते, इथे तरी तुला हसवते.

पहिल्या आठवड्यात मला एक व्हॉइस कोच दिला होता. तो म्हणाला तुमचा ॲक्सेंट मला बदलायचा नाहीये, तुमचा वेग बदलायचाय. मला राग आला, मी म्हटलं आमच्याकडे ब्रेकिंगला याच्या दुप्पट वेगाने बोलतात. तो म्हणाला तेच तर. आपण ओरडत वाचतो गं, आपल्याला कळत नाही, शेजारच्या सहा चॅनलच्या वर आवाज काढायची सवय झालेली असते. तिकडे एक वाक्य, एक श्वास, खाली ये. दुसरं म्हणजे लाइव्हचा डिले. सॅटेलाइटवर रिपोर्टर असेल तर तू प्रश्न विचारल्यावर दीड-दोन सेकंद तो नुसता तुझ्याकडे बघत राहतो, आपली जीभ लगेच शिवशिवते परत बोलायला, आणि मग दोघं एकदम बोलतात आणि दोघं एकदम थांबतात. मी पहिल्या महिन्यात असे चार लाइव्ह घालवले. उपाय म्हणून टेबलाखाली बोटांवर मोजायचे, एक, दोन. अजून कुणी फोनवर थांबलं की माझी बोटं हलतात.

ॲक्सेंटपेक्षा अवघड गोष्ट वेगळीच निघाली. एकदा आपल्याकडच्या एका नदीला पूर आल्याची बातमी होती, २५ सेकंदांची, ऑटोक्यूवर (अँकरने वाचायच्या पडद्यावर) नदीचं नाव त्यांच्या पद्धतीने लिहिलेलं. मी माझ्या पद्धतीने, म्हणजे बरोबर, उच्चारलं. कानात प्रोड्युसर म्हणाली, पुढच्या वेळी बाकीचे म्हणतात तसं म्हण, नाहीतर प्रेक्षकाला वाटेल दोन वेगळ्या नद्या आहेत. पुढच्या तासाच्या हेडलाइनमध्ये मी त्या नदीचं नाव चुकीचं घेतलं. मुद्दाम. १४ वर्षांत खूप काही वाचलं, बॉम्बस्फोट, निवडणुका, राजीनामे, पण सगळ्यात जास्त जिभेला टोचलं ते हे. दुसऱ्या दिवशी मी उच्चारांच्या डेस्ककडे नोट पाठवली, सोबत स्वतःच्या आवाजात रेकॉर्डिंग, आणि तीन महिन्यांनी सगळे बरोबर म्हणायला लागले. तेव्हा ॲक्सेंट असू दे. तो तुझ्या उपयोगाचाच आहे, तुला ज्या भागातल्या बातम्या कळतात तिथल्या माणसाला तुझा आवाज ऐकून बरं वाटतं आणि तो बाइट देतो, म्हणजे कॅमेऱ्यासमोर बोलतो.

'तिकडे मी कोण?' कुणी नाही. पहिले काही महिने खरंच कुणी नाही. पण फील्डवर कुणी नसणं फार कामाचं असतं. इथे तुला सगळं माहीत असल्यामुळे तू प्रश्न विचारायचं सोडून दिलेलं असतं, तिकडे तू बावळट प्रश्न विचारू शकतेस, की हे असं का करता, आणि लोक उत्साहाने सांगतात. फक्त ही सवलत दोन-तीन वर्षांचीच असते, मग तुलाही सवय होते आणि तू तिथल्यांसारखीच बोअर होतेस. तोवर भाषा शिक. दुकानापुरती नाही, समोरच्याने रागात पुटपुटलेलं कळेल इतकी.

आणि तिथल्या लोकल माणसाशिवाय तू शून्य आहेस हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेव. उलट बाजूने बघ, मार्क टली. जन्म कलकत्त्याचा, १९३५ चा, पण बीबीसीचा माणूस म्हणून १९६५ मध्ये दिल्लीत आला, आणीबाणीत २४ तासांत देश सोडायला लावला, परत आला, २२ वर्षं दिल्लीचा ब्युरो चीफ, १९९४ मध्ये बीबीसी सोडली आणि तरी दिल्लीतच राहिला. ६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत जमावाने त्याला घेरलं होतं, खोलीत कोंडलं होतं. खेड्यापाड्यात लोक त्याला नावाने ओळखायचे, इतका तो इथला झाला. पण ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींच्या हत्येची बातमी बीबीसीला जगाच्या आधी कुणी दिली? त्याचे सहकारी सतीश जेकब यांनी. टली ते नाव नेहमी घ्यायचा, म्हणून आपल्याला माहीत आहे. तुझ्या हाताखाली जो फिक्सर (भेटी, वाटा, भाषा जमवून देणारा तिथला माणूस) किंवा लोकल प्रोड्युसर असेल त्याचं नाव पॅकेजच्या शेवटी यावं म्हणून भांड, आणि काही झालं तर तू विमानात बसशील आणि तो तिथेच राहील हे स्क्रिप्ट लिहिताना डोक्यात असू दे. मी एकदा विसरले होते. त्याच्या घरी लोक गेले. त्याचं काही बरंवाईट झालं नाही पण त्यानंतर तो माझ्याबरोबर कधी आला नाही, आणि बरोबरच केलं त्याने.

तुझे एडिटर म्हणतात ते खरंय, लोक विसरतील. सहा महिने पण लागणार नाहीत, तुझ्या जागी कोणी बसेल आणि महिन्याभरात तिच्याबरोबर सेल्फी काढतील. पण एडिटर हे कशासाठी सांगतायत तेवढं बघ, तुझ्या काळजीपोटी की बदली अँकर सापडत नाहीये म्हणून. आणि परत यायचं झालं तर सोपं नाही, तेही ऐक. मी परत आले तेव्हा दोन ठिकाणी सांगितलं गेलं की तुम्ही आमच्यासाठी फार मोठ्या झाल्यात, म्हणजे सभ्य भाषेत नको. चेहरा तुम्ही गमावलेला असतो आणि पगार त्यांना परवडत नाही. मला काम मिळालं ते शेवटी डिजिटलला आणि शिकवायला, कॅमेऱ्यासमोर नाही. म्हणून तिकडे असताना आपल्या भाषेत काहीतरी चालू ठेव, कॉन्ट्रॅक्टमध्ये तशी परवानगी लिहून घेऊन, महिन्याला एक लेख का असेना.

नवऱ्याचा प्लॅन मला अजिबात आवडला नाही. त्याचा हेतू चांगला आहे, पण 'वर्षभराने' ही तारीख नाही गं. माझ्या ओळखीत जेवढे 'वर्षभराने' होते त्यातले निम्मे आलेच नाहीत आणि बाकीचे तीन वर्षांनी आले, तोवर मूल स्क्रीनवरच्या आईला ओळखायचं, घरातल्या आईला बुजायचं. २४ तासांच्या चॅनलला तीन शिफ्ट असतात, नवीन माणसाला पहाट मिळते, रात्री दीडला अलार्म, अडीचला मेकअप, चारला ऑन एअर. तू झोपायला जाशील तेव्हा मुलगी शाळेतून येईल. फॅमिली व्हिसा कुठल्या ग्रेडला आणि किती पगारावर मिळतो, शाळेचा खर्च ते देतात का, नवऱ्याला तिथे काम करता येईल का, हे तुम्ही दोघांनी एकत्र बसून आत्ताच विचारायचं. आणि तारीख ठरवायची, शाळेच्या नव्या वर्षाची. ती हुकली तर तू परत, असं दोघांनी एकमेकांना आधीच सांगून टाका.

आईचं म्हणशील तर तू जवळ असतेस तेव्हा तरी किती असतेस, ११ वर्षं न्यूजमध्ये आहेस, निवडणुकीत आठवडेच्या आठवडे घरी नसशील. प्रश्न पहिल्या चार तासांचा आहे: रात्री काही झालं तर दार कोण उघडणार, हॉस्पिटलमध्ये सही कोण करणार. ते नाव आणि ती किल्ली जायच्या आधी ठरव. आणि इमर्जन्सी लीव्ह किती, तिकीट कोण काढणार, हे कॉन्ट्रॅक्टमध्ये.

तर जा. माझं उत्तर जा असंच आहे, ३४ हे वय बरोबर आहे, फील्डचं हाडात आहे आणि स्टुडिओही जमतो, असे लोक तिकडे कमी असतात. पण १५ दिवस ही काही दगडावरची रेघ नाही, लिहून विचार की मला आणखी एक आठवडा हवाय, वकिलाला कॉन्ट्रॅक्ट दाखवायचंय. एका आठवड्यासाठी ऑफर मागे घेणारं चॅनल असेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं. नोकरी गेली तर सहा महिन्यांचा खर्च निघेल एवढे पैसे त्या देशाच्या बाहेरच्या खात्यात, पहिल्या पगारापासून. तिथे गाडीचं लोन काढायचं नाही, सेकंडहँड घे.

आणि राजीनामा द्यायच्या आधी, आधी म्हणतेय मी, तुझे चांगले लाइव्ह आणि पॅकेजेस मागून घे, लेखी परवानगीने, कारण फुटेज चॅनलचं असतं आणि नोटीस दिल्यावर लायब्ररीवाला पण बॉसकडे बघून मान हलवतो. नंबर एका साध्या वहीत उतरवून काढ, ज्यांची नावं उघडी पडू नयेत त्यांची तुझ्या तुलाच कळतील अशी. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन टॉकबॅकच्या (कानात प्रोड्युसरचा आवाज येतो त्या) इअरपीसचा स्वतःच्या मापाचा मोल्ड करून घे, तिकडे पहिल्या दिवशी एक सगळ्यांनी घातलेला सरकवता सरकवता कान दुखतो आणि प्रोड्युसरचा आवाज अर्धा बाहेर जातो. दोन करून घे. एक नक्की हरवतो.